करारावर सही देशाची, जबाबदारी घराची

‘भारताने अमुक आंतरराष्ट्रीय कराराचे अनुसमर्थन केले’ अशी बातमी वर्तमानपत्रात कधीतरी आतल्या पानावर येते. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. न्यूयॉर्क, जिनिव्हा, दिल्ली अशा दूरच्या ठिकाणी मोठ्या माणसांनी केलेल्या सह्यांचा आपल्या मोहल्ल्याशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे.

पण यातल्या एका करारात निकाह, लग्नाचे वय, लग्नाची नोंद, घरातला स्त्रीचा हक्क हे आपल्या उंबरठ्याच्या आतले विषय आहेत. हा करार स्वीकारताना भारत सरकारने जे निवेदन जोडले, त्यात दोन शब्द आहेत : पुढाकार आणि संमती. हे दोन शब्द आपल्याला उद्देशून आहेत. म्हणून हा विषय वकिलांवर आणि पुढाऱ्यांवर सोडून न देता घरात बसून समजून घ्यायला हवा.

मंगनी, निकाह आणि शर्ती

नागरिकशास्त्राच्या तासाला मुले हमखास विचारतात, “टीचर, सही झाली म्हणजे करार लागू झाला ना?” त्यांना मी आपल्या घरातलेच उदाहरण देते. करारावर सही करणे म्हणजे मंगनी. इरादा जाहीर झाला, चारचौघांत शब्द दिला गेला, आता त्या शब्दाविरुद्ध वागणे शोभत नाही. पण जबाबदारी अजून अंगावर आलेली नाही. ती येते अनुसमर्थनाने, म्हणजे निकाहाने. देश लेखी कळवतो की हा करार आम्हाला ‘कबूल’ आहे. तो कागद संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांकडे जमा होतो आणि देश बांधला जातो. कधी मंगनी न करता थेट निकाह होतो, तसे काही देश सही न करता थेट करारात सामील होतात. त्याला अधिमिलन म्हणतात.

निकाहनाम्यात जशा शर्ती लिहिता येतात, तशा करार स्वीकारतानाही देशाला काही शर्ती किंवा निवेदने जोडता येतात. ‘एवढे कलम सोडून बाकी मान्य’ किंवा ‘हे कलम आम्ही अशा अर्थाने पाळू’, असे कळवता येते. त्यालाही मर्यादा आहे. करारांविषयीचा १९६९ चा व्हिएन्ना करार सांगतो की मूळ कराराच्या उद्देशालाच बाधा आणणारी शर्त चालणार नाही. आपल्याकडेही निकाहाच्या मूळ हेतूलाच नाकारणारी शर्त कोणी मान्य करत नाही. तत्त्व तेच आहे.

भारताने काय स्वीकारले, काय बाकी आहे

मानवी हक्कांचे नऊ मुख्य आंतरराष्ट्रीय करार मानले जातात. त्यांपैकी सहा भारताने पूर्णपणे स्वीकारले आहेत. वांशिक भेदभावाविरुद्धचा करार १९६८ मध्ये, नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा असे दोन करार १९७९ मध्ये, बालहक्कांचा डिसेंबर १९९२ मध्ये, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव दूर करण्याचा १९९३ मध्ये आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००७ मध्ये.

दोन करार मंगनीवरच अडकले आहेत. छळाविरुद्धच्या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणाचाही छळ होऊ नये, हा त्याचा गाभा. त्यासाठी आणलेले विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत निवड समितीकडे गेले आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळले. २०१७ मध्ये विधी आयोगानेही हा करार स्वीकारावा अशी शिफारस केली. अनुसमर्थन मात्र झालेले नाही. माणसे बेपत्ता केली जाण्याविरुद्धच्या करारावर २००७ मध्ये सही झाली, तोही तिथेच थांबला आहे.

नववा करार आहे स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा. त्यावर भारताची सहीसुद्धा नाही. कोकणातल्या ज्या घरांतले मुलगे, जावई आखाती देशांत राबतात, त्या घरांनी हे लक्षात ठेवावे. १९९० सालचा हा करार सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन यांपैकी एकानेही स्वीकारलेला नाही. माणूस पाठवणारा देश बाहेर आणि माणूस कामाला घेणारा देशही बाहेर, अशी त्याची स्थिती आहे.

जे करार स्वीकारले गेले त्यांत आपल्यासाठी बरेच काही आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचे सत्ताविसावे कलम अल्पसंख्याकांना आपली संस्कृती जपण्याचा, आपला धर्म पाळण्याचा आणि आपली भाषा वापरण्याचा हक्क देते. भारताने त्याला कोणतीही शर्त जोडलेली नाही. अपंगांचा करार स्वीकारल्यानंतर २०१६ चा नवा कायदा आला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण दिले. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराला या आकड्यांची किंमत सांगावी लागत नाही.

तेरा वर्षांनी आलेला ‘कबूल’

स्त्रियांविषयीचा करार, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीडॉ’ म्हणतात, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी संमत केला. त्यात तीस कलमे आहेत. शिक्षण, नोकरी, आरोग्य, मतदान, नागरिकत्व, विवाह आणि कुटुंब अशा सर्व ठिकाणी स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने वागवले जावे, हे त्याचे सार. भारताने ३० जुलै १९८० रोजी सही केली. अनुसमर्थनाची नोंद मात्र ९ जुलै १९९३ ची. मधे तेरा वर्षे गेली.

आपल्याच देशाच्या २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या प्रस्तावनेत हीच तारीख २५ जून १९९३ अशी दिली आहे. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. देश मान्यता देतो तो दिवस एक आणि त्याचा कागद राष्ट्रसंघाकडे जमा होतो तो दिवस दुसरा. आंतरराष्ट्रीय हिशेबात जमा झाल्याची तारीख धरतात.

मान्यता देताना भारताने दोन निवेदने आणि एक शर्त जोडली. शर्त एकोणतिसाव्या कलमाला होती. करारावरून दोन देशांत वाद झाला तर तो लवादाकडे आणि पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची सक्ती आमच्यावर नाही, असे भारताने कळवले. त्याचा आपल्या घराशी थेट संबंध नाही. दोन निवेदनांचा मात्र आहे.

पहिले निवेदन पाचव्या आणि सोळाव्या कलमांच्या काही भागांविषयी आहे. पाचवे कलम स्त्रीला कमी लेखणाऱ्या रूढी बदलायला सांगते, तर सोळावे विवाह आणि कुटुंबातील समान हक्कांविषयी बोलते. भारताने सांगितले की कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय ढवळाढवळ न करण्याचे आमचे धोरण आहे, त्याला अनुसरून आम्ही ही कलमे पाळू.

दुसरे निवेदन सोळाव्या कलमाच्या दुसऱ्या भागाविषयी. बालविवाहाला कायदेशीर मान्यता नसावी, लग्नाचे किमान वय ठरवावे आणि प्रत्येक विवाहाची नोंद सक्तीची करावी, असे तो भाग म्हणतो. नोंदणीचे तत्त्व आम्हाला मान्य आहे, पण इतक्या विशाल, इतक्या विविध रूढींच्या आणि साक्षरता कमी असलेल्या देशात सक्ती व्यवहार्य नाही, असे उत्तर भारताने दिले.

ही निवेदने फक्त मुसलमानांसाठी आहेत, असा समज अनेकांचा आहे. तो बरोबर नाही. शब्द आहेत ‘कोणत्याही समाजाच्या’. त्यात हिंदू, ख्रिस्ती, पारशी, आदिवासी सगळे आले. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०००, २००७ आणि २०१४ मध्ये भारताचे अहवाल तपासले आणि ही निवेदने मागे घेण्याविषयी विचार करावा असे सुचवत राहिली. ती अजून कायम आहेत.

सही कायदा कशी होते

करार स्वीकारला म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या पोलीस ठाण्यात त्याचे कलम लागू होत नाही. आपल्याकडे करार स्वीकारण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. त्याला देशात कायद्याचे बळ द्यायचे तर संसदेने कायदा करावा लागतो. राज्यघटनेचे २५३ वे कलम तो अधिकार संसदेला देते. आंतरराष्ट्रीय करारांतील जबाबदाऱ्यांचा आदर वाढवावा, असे ५१ वे कलम राज्याला सांगते.

मग संसदेने कायदा केलाच नाही तर? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा खटल्यात दिले. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे काम करणाऱ्या एका ग्रामसेविकेवर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला होता. कामाच्या ठिकाणी स्त्रीचे संरक्षण करणारा स्वतंत्र कायदा तेव्हा देशात नव्हता. न्यायालयाने म्हटले की भारताने सीडॉ करार स्वीकारला आहे, तो आपल्या मूलभूत हक्कांशी सुसंगत आहे आणि देशात त्या जागी कायदाच नाही, तेव्हा त्या कराराचा आधार घेऊन आम्ही नियम घालून देतो. सोळा वर्षे त्या नियमांनीच काम चालले आणि २०१३ मध्ये कायदा झाला. आज आपली एखादी मुलगी बँकेत, दवाखान्यात, शाळेत नोकरीला जाते आणि तिथे तक्रार समिती असते, तिचे मूळ या करारात आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही याच वाटेने आला. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे.

हा विचार परका नाही

‘मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्यावर लादलेली,’ असे कोणी कोणी म्हणतात. इतिहास पाहू. १९४६ मध्ये राष्ट्रसंघाने स्त्रियांच्या स्थितीविषयी आयोग नेमला, तेव्हा त्याच्या पहिल्या सदस्यांत भारतातर्फे बेगम शरीफा हामिद अली होत्या, स्वातंत्र्यसैनिक अब्बास तय्यबजी यांच्या कन्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारे शब्द बदलून ‘सर्व माणसे’ असे शब्द यावेत यासाठी आग्रह धरला तो हंसा मेहता यांनी. त्याच पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. १९४८ मध्ये पाकिस्तानच्या प्रतिनिधी बेगम शाइस्ता इक्रामुल्ला यांनी विवाहातील समान हक्कांचे कलम उचलून धरले, कारण बालविवाह आणि जबरदस्तीचे विवाह थांबवण्याचा तो मार्ग आहे असे त्यांना वाटत होते. या करारांच्या मुळाशी आपल्या भागातील, आपल्या समाजातील स्त्रियांचे शब्द आहेत.

उलट ज्या अमेरिकेचे नाव या बाबतीत नेहमी घेतले जाते, तिने सीडॉवर १९८० मध्ये सही केली, पण अनुसमर्थन आजवर केलेले नाही.

मुस्लिम देशांतले चित्र एकसारखे नाही. सौदी अरेबियाने २००० मध्ये करार स्वीकारला, पण शरीयतशी विसंगत असेल ते पाळणार नाही अशी सरसकट शर्त घातली. मोरोक्कोने वेगळी वाट धरली. तो देश भारताप्रमाणेच १९९३ मध्ये, विवाहविषयक शर्ती घालून करारात आला. पुढे तिथे उलमा, कायदेपंडित आणि स्त्रिया यांचा समावेश असलेली समिती बसली. प्रदीर्घ चर्चा झाली, विरोधात आणि बाजूने मोर्चे निघाले आणि २००४ मध्ये नवा कुटुंब कायदा आला. त्याने मुलीच्या लग्नाचे वय १५ वरून १८ केले. घरातला कायदा आधी सुधारला, मग २०११ मध्ये करारावरच्या विवाहविषयक शर्ती मागे घेतल्या. त्या कायद्यात उणिवा राहिल्या, त्यावर तिथे वाद चालू आहेत. तरी क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. चर्चा समाजात झाली, उलमांना सोबत घेऊन झाली आणि स्त्रिया त्या चर्चेत बसलेल्या होत्या.

पुढाकार कोणाचा, संमती कोणाची?

आता आपल्या दोन शब्दांकडे येऊ. समाजाच्या पुढाकाराशिवाय काही करणार नाही, असे सरकारने १९९३ मध्ये जगाला सांगितले. याचा एक अर्थ आपण आवडीने घेतो : आमच्या बाबींत कोणी हात घालू नये. पण त्याच वाक्याचा दुसरा अर्थ असा, की पुढाकार तुम्ही घ्या. तो आपण किती घेतला?

आणि समाज म्हणजे कोण? जमातीच्या बैठकीला बसणारे दहा-पंधरा बुजुर्गच का? त्यांच्या बरोबरीने घरात बसलेली त्यांची बेटी, सून, बेवा झालेली बहीणही समाजच आहे. संमती मोजायची तर तिचीही मोजावी लागेल. निकाहात मुलीची मर्जी विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, वकील आणि गवाह तिच्याकडे जाऊन विचारून येतात. जिच्या लग्नात तिची संमती अट आहे, तिच्या हक्कांच्या चर्चेत तिला विचारू नये, हे कसे चालेल?

२०१७ मध्ये एका बैठकीतल्या तिहेरी तलाकचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तो नेणाऱ्या स्त्रिया याच समाजातल्या होत्या. त्या निकालाविषयी आणि २०१९ च्या कायद्यातील शिक्षेविषयी वाचकांची मते वेगवेगळी असतील. पण आपण घरात ऐकून घेतले असते तर त्यांना दिल्लीपर्यंत जावे लागले असते का, हा प्रश्न उरतो. मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही. आपण पुढाकार घेतला नाही तर दुसरे कोणी घेते आणि मग त्याची पद्धत आपल्या हातात राहत नाही.

हातातले काम : निकाहाची नोंद

सुरुवात कुठून करायची? दुसऱ्या निवेदनापासून, कारण त्याला कोणाचाच धार्मिक विरोध असण्याचे कारण नाही. सक्तीची नोंदणी व्यवहार्य नाही असे जे सरकारने १९९३ मध्ये म्हटले, ते देशात बरेच मागे पडले आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी असा आदेश राज्यांना दिला. त्या निकालात या निवेदनाचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात तर त्याआधीच १९९८ चा विवाह नोंदणी कायदा होता.

मला उर्दू आणि मराठी दोन्ही येत असल्याने शेजारपाजारचे लोक निकाहनामे वाचून घ्यायला, त्यांचा मराठी मजकूर करून घ्यायला येतात. बहुतेक वेळा निमित्त दुःखाचे असते. कोणाचा शोहर परदेशात वारला आणि त्याची कंपनी विवाहाचा सरकारी दाखला मागते. कोणाला पेन्शनच्या कागदावर बायको म्हणून नाव सिद्ध करायचे असते. कोणाला मुलाच्या पासपोर्टसाठी. हातात असतो मशिदीच्या रजिस्टरमधला उर्दूतला जुना कागद, घडीवर फाटलेला. मेहरचा रकाना कधी अस्पष्ट, कधी नुसता ‘रिवाजाप्रमाणे’. शर्तींचा रकाना तर जवळपास नेहमीच कोरा.

हे दृश्य बदलायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत याविषयी आहे. मेहर हे शोहरवरचे कर्जच आहे. मग ते नीट लिहिण्यात, त्याची नोंद करण्यात संकोच कसला?

महाराष्ट्रात खेड्यात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या विवाह निबंधकाकडे ही नोंद होते. नमुना ‘ड’ भरून पती, पत्नी, तीन साक्षीदार यांच्या सह्या घेतात. निकाह लावणाऱ्या काझीसाहेबांचीही सही लागते. सोबत निकाहनामा, वयाचे व राहण्याचे पुरावे द्यायचे. लग्नानंतर नव्वद दिवसांच्या आत जावे, उशीर झाला तर दंड भरून नोंद होते. नोंद नाही म्हणून निकाह बातिल होत नाही, पण नोंद नसली की सिद्ध करण्याचे सारे ओझे बहुधा बाईवर येते.

नोंदीसाठी वयाचा पुरावा लागतो, त्यामुळे मुलीचे लग्न अठराच्या आत उरकण्याची घाईही आपोआप थोपते. बालहक्क करार भारताने स्वीकारला आहे आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ वय सांगतो. दहावीच्या परीक्षेनंतर वर्गातली एखादी हुशार मुलगी अकरावीला दिसत नाही, तेव्हा या आकड्यांचा अर्थ मला नव्याने कळतो.

काही गोष्टी प्रत्येक जमातीला लगेच करता येतील. मशिदीच्या निकाह रजिस्टरचा मजकूर उर्दूबरोबर मराठीतही असावा. मेहरची रक्कम अंकात आणि अक्षरात लिहावी, दिली की बाकी तेही लिहावे. शर्तींचा रकाना मुलीला आणि तिच्या वालिदैनला वाचून दाखवावा : शिक्षण पुढे चालू राहील, नोकरी करता येईल, अशा साध्या शर्ती तिथे लिहिता येतात. निकाहाच्या दिवशीच नमुना ‘ड’ वर सह्या घ्याव्यात, म्हणजे काझीसाहेब आणि साक्षीदार शोधत फिरावे लागत नाही. आणि जमातीच्या ज्या बैठकीत कुटुंबाचे प्रश्न निघतात, तिथे दोन-तीन शिकलेल्या स्त्रियांना मानाने बसवावे.

जुन्या लग्नांचीही नोंद करता येते. घरातले कागद एकदा काढून बघा. अम्मीचा निकाहनामा कुठे आहे, त्यावर काय लिहिले आहे, त्याची सरकारी नोंद आहे का, हे अब्बांना विचारा. नसेल तर येत्या महिन्यात ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊन या.